वकिली फर्म आणि ब्रिटनचा ऑनलाइन सेफ्टी ॲक्ट: दावेदारांसाठी उघडलेल्या खोलीचं काय करू?

सायंतारा

नमस्कार. इंग्लंडमध्ये सॉलिसिटरांच्या फर्ममध्ये काम करणारं इथे कुणी असेल तर मला मदत हवी आहे. गेले तीन आठवडे हा विषय इंग्रजीतून वाचते आहे आणि गुंता वाढतोच आहे. मराठीत मांडला की निदान मला स्वतःला कळेल की मी नेमकं कुठे अडले आहे. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

फर्म लहान आहे. अकरा वकील आणि इतर कामाला आम्ही सहाजण. मी वकील नाही, नियमपालनाचं काम पाहते: मनी लाँडरिंगच्या तपासण्या, डेटा संरक्षण, तक्रारींची वही. ऑनलाइन सेफ्टी ॲक्ट, म्हणजे इंटरनेट सेवांवरच्या बेकायदा आणि मुलांना घातक मजकुराबद्दलचा कायदा, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाला तेव्हा आमच्याकडे सगळ्यांचं मत एकच होतं की हा फेसबुक-टिकटॉकवाल्यांसाठीचा कायदा, वकिलांचा त्याच्याशी काय संबंध. मीही तसंच धरून चालले.

एका वृद्धाश्रमातल्या हेळसांडीबद्दल ५८ कुटुंबांचा एकत्रित दावा आमच्याकडे आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही त्यांच्यासाठी पोर्टलवर एक चर्चेची जागा उघडली. आम्ही तिला खोली म्हणतो. हेतू साधा होता, प्रत्येकाला तेच ते उत्तर वेगळं द्यायला लागू नये. पण लोक तिथे खटल्यापेक्षा आपल्या माणसांबद्दलच जास्त बोलतात. कुणी रात्री दोन वाजता आईच्या शेवटच्या महिन्याबद्दल लिहितं आणि सकाळपर्यंत चारजणांनी उत्तर दिलेलं असतं. मी ती खोली रोज वाचते आणि मला ती माणसं ठाऊक झाली आहेत.

गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी पोर्टल उघडलं तर शुक्रवारी रात्री एका गृहस्थांनी टाकलेली नोंद दिसली. तिथल्या एका परिचारिकेचं पूर्ण नाव, फोटो, राहते ती गल्ली, आणि खाली ‘रात्रपाळी संपवून ही किती वाजता घरी पोचते ते मला माहीत आहे’. अडीच दिवस ते तिथे होतं. मी लगेच काढलं, त्यांना फोन केला. ते रडले, मी ऐकून घेतलं. पण लेखी नोंद कुठेच केली नाही. त्या संध्याकाळी घरी जाताना मनात आलं की उद्या मला कुणी विचारलं, तुम्ही काय केलंत आणि कशाच्या आधारावर, तर दाखवायला माझ्याकडे एक कागद नाही.

मग कायदा उघडला. आता प्रश्न असे. आमच्याकडे खोलीखेरीज वेबसाइटवरच्या लेखांखाली प्रतिक्रिया येतात, कोपऱ्यात लाइव्ह चॅटची खिडकी आहे, अशील कागद चढवतात ते पोर्टल आहे, आणि घरांच्या खरेदी-विक्रीत दोन्ही बाजूंचे लोक वापरतात असा सामायिक फोल्डर आहे. यातलं काय काय कायद्यात येतं? पोर्टलचं सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं आहे, मग जबाबदार ती कंपनी की आम्ही? आणि मुदती तर केव्हाच उलटून गेल्या असाव्यात. आता काय?

पानोपानी

मी सॉलिसिटर आहे आणि नियामक कायद्याचंच काम करते. तुमच्या फर्मला सल्ला म्हणून हे धरू नका, पण वाट दाखवू शकेन.

सगळ्यात आधी एकच प्रश्न प्रत्येक गोष्टीला लावा: एका वापरकर्त्याने टाकलेलं दुसऱ्या वापरकर्त्याला दिसू शकतं का? कलम ३ चा गाभा एवढाच आहे. आणि त्याला जोडून कलम २२७ वाचा, कारण वकिलांच्या बाबतीत सगळी गंमत तिथे आहे. सेवा पुरवणाऱ्याची स्वतःची माणसं कामाचा भाग म्हणून ती सेवा वापरत असतील तर कायद्याच्या लेखी ती ‘वापरकर्ता’ नाहीतच. म्हणजे अशिलाने कागद चढवला आणि तो फक्त तुमच्या वकिलाने पाहिला, तर त्या व्यवहारात वापरकर्ता एकच. दुसरा नाही, म्हणून ती सेवा कायद्याच्या व्याख्येत बसतच नाही. चॅटची खिडकी तशीच, पलीकडे तुमचीच माणसं बसत असतील तर.

सामायिक फोल्डर मात्र वेगळा. तिथे खरेदीदाराने टाकलेलं विक्रेत्याला किंवा एजंटला दिसतं. हे दोघंही तुमची माणसं नाहीत. धंद्याच्या अंतर्गत साधनांना परिशिष्ट १ मध्ये सूट आहे, आणि धंद्याच्या कामासाठी परवानगी दिलेल्या बाहेरच्या लोकांचाही तिथे उल्लेख आहे, पण उदाहरणं आहेत कंत्राटदार, सल्लागार, लेखापरीक्षक अशी. समोरच्या पक्षाचा खरेदीदार त्या पंगतीत बसतो असं छातीठोकपणे मी लिहून देणार नाही. त्या सवलतीवर इमला उभारण्यापेक्षा, कायद्याला हवं असतं तसं त्या फोल्डरच्या धोक्याचं छोटंसं मूल्यांकन करून टाका, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

लेखांखालच्या प्रतिक्रियांना सूट आहे. तुम्ही प्रसिद्ध केलेल्या मजकुरावर टिप्पणी करणं, पसंती दाखवणं एवढंच करता येत असेल तर परिशिष्ट १ ती सेवा वगळतं. लोकांना स्वतःचा नवा विषय काढता आला की सूट संपली. आणि सूट फक्त या कायद्यापुरती आहे. बदनामीचा कायदा आणि डेटा संरक्षण आहे तिथेच आहेत.

खोली सरळ कायद्यात येते, तिथे वाद नाही.

जबाबदार कोण? ती सेवा कोणी वापरायची हे ज्याच्या हातात आहे तो, कलम २२६. खोलीत कुणाला घ्यायचं हे तुम्ही ठरवता ना? मग पुरवठादार तुम्ही. सॉफ्टवेअर कुणाचं याला महत्त्व नाही.

आडवाट

ती खोली बंदच का करत नाही? व्हॉट्सॲपचा ग्रुप काढून द्या त्यांना. मग ती सेवा तुमची नाही, व्हॉट्सॲपची.

मधली_सुट्टी

@आडवाट, कायद्याचा बोजा सरकेल हे खरं, पण पुढचा विचार करा. ग्रुपमध्ये सगळ्यांचे फोन नंबर सगळ्यांना दिसणार. दाव्याबद्दलचं बोलणं फर्मच्या हाताबाहेर जाणार. आणि शुक्रवारी रात्री जे घडलं ते तिथे घडलं असतं तर सोमवारीसुद्धा कुणाला कळलं नसतं. त्या परिचारिकेचा धोका तेवढाच राहिला असता.

मी वकील नाही. आजारी लोकांच्या नातेवाइकांसाठी चालणाऱ्या एका संस्थेच्या मंचाची देखरेख आठ वर्षं केली आहे. सायंताराताई, तुमच्या पोस्टमधला मला सगळ्यात बोचलेला भाग शुक्रवार रात्र ते सोमवार सकाळ हा आहे. दुःखी माणसं कामाच्या वेळेत लिहीत नाहीत, ती रात्री आणि सुटीच्या दिवशी लिहितात. आमच्याकडे सगळे वाईट प्रसंग शनिवारी आले, आणि नाताळच्या आठवड्यात.

म्हणून ‘तक्रार करा’ हे बटण प्रत्येक नोंदीखाली हवं, आणि ते दाबल्यावर ईमेल एका माणसाला नाही, दोघांना जायला हवी. शनिवार-रविवारची पाळी लावा. कुणी दिवसभर बसून राहायचं नाही, सकाळ-संध्याकाळ एकदा बघायचं. तेही शक्य नसेल तर सुटीच्या दिवशी नवीन नोंदी मंजुरीशिवाय दिसणार नाहीत अशी सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, ती वापरा. आणि लोकांना ते आधी सांगा. रात्री दोनला लिहिलेलं सोमवारपर्यंत दिसलं नाही तर माणसाला वाटतं आपल्याला गप्प केलं.

एक विचारायचं राहिलं. पोलिसांना कळवलंत का? आणि त्या परिचारिकेला कुणी सांगितलं का?

सायंतारा

@मधली_सुट्टी, पोलिसांना कळवलं, पण दोन दिवसांनी, पार्टनरांशी बोलून. मला त्याच दिवशी करायला हवं होतं. परिचारिकेशी पोलिस बोलले.

@पानोपानी, एक वापरकर्ता की दोन, या कसोटीने माझं निम्मं ओझं उतरलं. मनापासून आभार.

आता पुढचं. ते गृहस्थ आमचेच अशील. त्यांनी लिहिलेलं ‘बेकायदा’ आहे असं आम्ही कसं ठरवायचं? आमच्या एका वकिलांचं म्हणणं, ही धमकी न्यायालयात सिद्ध होणार नाही, मग ती काढण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला. दुसरं, नोंद मी पूर्ण पुसून टाकली. खटला चालू असताना कागद जपून ठेवायचे असतात ना? तिसरं, खोलीत आजीबद्दल फार सुंदर लिहिणारी एक मुलगी आहे, ती आईच्या लॉगिनने येते आणि सोळा वर्षांची आहे हे मला परवा कळलं. चौथं म्हणजे, मूल्यांकनावर मागची तारीख घालून टाकू असं एकाने सुचवलं आहे.

पानोपानी

शेवटच्यापासून सुरू करते, कारण ते वाचून मी खुर्चीतून उठले.

मागची तारीख घालू नका. कुणी कितीही सहज सुचवलं तरी नाही. बेकायदा मजकुराच्या धोक्याचं मूल्यांकन १६ मार्च २०२५ पर्यंत करायचं होतं आणि मुलांच्या वावराचं १६ एप्रिलपर्यंत. ते झालं नाही, ही त्रुटी आहे आणि ती भरून काढता येते. मागची तारीख घातलेला कागद ही अप्रामाणिकता आहे, आणि त्यापायी सॉलिसिटरांची नावं पटावरून उतरली आहेत. आजची तारीख घाला. उशीर का झाला ते दोन ओळींत खरं लिहा. फर्ममधल्या अनुपालन अधिकाऱ्याला हे आजच सांगा. एसआरएला, म्हणजे सॉलिसिटरांच्या नियामक संस्थेला, कळवण्याइतकं गंभीर आहे का, हा निर्णय त्यांनी घ्यायचा आणि कारणासह लिहून ठेवायचा.

आता तुमच्या वकीलसाहेबांचा मुद्दा. वकील इथेच चुकतात, कारण हात सवयीने फौजदारी पुराव्याच्या मापाकडे जातो. कलम १९२ मधलं माप वेगळं आहे. उपलब्ध माहितीवरून गुन्ह्याचे सगळे घटक, मनातला हेतू धरून, जुळतात असं मानायला वाजवी आधार आहे का आणि एखादा बचाव लागू पडेल असं मानायला आधार आहे का, एवढंच पाहायचं. संशयातीत सिद्धता इथे कुणी मागितलेली नाही. नाव, फोटो, गल्ली आणि घरी येण्याची वेळ, हे चार एकत्र आल्यावर मला तरी फार विचार करावा लागला नसता. त्याहून सोपी वाट म्हणजे खोलीच्या अटींत स्वच्छ लिहा की तिसऱ्या माणसाचा पत्ता, फोटो, ठावठिकाणा इथे चालणार नाही. मग प्रत्येक वेळी गुन्हा आहे की नाही हे ठरवावं लागत नाही. ते गृहस्थ अशील आहेत म्हणून वेगळा न्याय नाही. मात्र नोंद का काढली ते त्यांना सांगा आणि त्याविरुद्ध दाद मागायची सोय द्या, कायदा तेही मागतो.

पुसण्याबद्दल तुमची शंका बरोबर आहे. खटला दिसायला लागल्यापासून कागद जपायचे हे दिवाणी प्रक्रियेच्या नियमांत आहे, इलेक्ट्रॉनिक कागदांसाठी वेगळी सूचनाच आहे. खोलीतून काढणं आणि नष्ट करणं या दोन गोष्टी आहेत. नोंद लोकांच्या नजरेआड करा, एक प्रत मर्यादित लोकांनाच उघडता येईल अशा जागी ठेवा. पोर्टलच्या कंपनीला आजच विचारा, बॅकअपमध्ये सापडेल. एक अपवाद मनाशी पक्का बांधून ठेवा: मुलांच्या लैंगिक शोषणाचं चित्र कुणी टाकलं तर प्रत काढायची नाही, कुणाला पुढे पाठवायचं नाही, ‘पुरावा म्हणून’ सुद्धा नाही. बाळगणं हाच गुन्हा आहे. तिथे पोलिसांना फोन करायचा आणि ते सांगतील तसंच करायचं. आणि ही वेळ येण्याआधी हे तुमच्या सहाही जणांना माहीत हवं.

पानोपानी

मुलीबद्दल वेगळं लिहिते.

कायद्याच्या लेखी अठराखालचं ते मूल. खोलीत मुलं येऊच शकत नाहीत असं म्हणायला खात्रीची वय-तपासणी लागते. ‘मी अठरा वर्षांची आहे’ यावर टिचकी ऑफकॉमला, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या नियामकाला, चालत नाही, फोटो असलेल्या ओळखपत्राशी चेहरा जुळवणं चालतं. तुम्ही म्हणाल, आम्ही अशिलाचं ओळखपत्र तपासतोच. घरखरेदीत हो, कारण मनी लाँडरिंगचे नियम ते मागतात. नुकसानभरपाईच्या दाव्यात ते दर वेळी होतं का हे बघा. आणि झालं असलं तरी आईची ओळख तपासून मुलगी आत आली, म्हणजे त्या तपासणीने काम केलं नाही.

एका मुलीमुळे खोली ‘मुलांची’ होत नाही. वापरणाऱ्यांत मुलांची संख्या लक्षणीय आहे का, किंवा अशी सेवा मुलांना ओढून घेईल का, हा पुढचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर बहुधा नाही असं येईल. पण ते शोधून, लिहून यायला हवं. त्या मुलीला एका फटक्यात बाहेर काढू नका. आधी आईशी बोला.

आता मूल्यांकन. ऑफकॉमच्या डिसेंबर २०२४ च्या मार्गदर्शनात प्राधान्याच्या बेकायदा मजकुराचे १७ प्रकार आहेत, दहशतवादापासून प्राण्यांवरच्या क्रूरतेपर्यंत. प्रत्येकाचा वेगळा विचार करायचा. बंदुकांची विक्री तुमच्या खोलीत होणार नाही, तिथे एका ओळीचं कारण पुरे. पण चार ठिकाणी थांबा. धमक्या आणि छळ, हे घडलेलंच आहे. द्वेष: वृद्धाश्रमांत परदेशातून आलेले कर्मचारी खूप असतात, आणि रागावलेल्या नातेवाइकाच्या तोंडी वंशावरून शब्द यायला वेळ लागत नाही, जुन्या नोंदी पुन्हा वाचा. फसवणूक: कुणी दाव्याचा वकील असल्याचं भासवून खात्याचा क्रमांक देऊ शकतो. आणि आत्महत्या. शोकात असलेली ५८ घरं आहेत. तिथे मला ‘नगण्य’ हा शब्द वाचायचा नाही.

दोन किंवा अधिक प्रकारांत धोका मध्यम किंवा त्यावर ठरला तर ऑफकॉमच्या संहितेतल्या अपेक्षा वाढतात: जबाबदाऱ्या लेखी, देखरेख करणाऱ्यांना प्रशिक्षण, अंतर्गत धोरण. धोका कमी असलेल्या छोट्या सेवेलासुद्धा एक नेमलेली जबाबदार व्यक्ती, तक्रारीची सोय, लवकर काढण्याची व्यवस्था आणि समजेल अशा अटी लागतातच. वर्षातून एकदा फेरतपासणी, आणि मोठा बदल करण्याआधी पुन्हा.

दंडाची भीती घालणाऱ्यांकडे फार लक्ष देऊ नका. कमाल रक्कम १ कोटी ८० लाख पौंड किंवा जगभरच्या पात्र उत्पन्नाच्या १० टक्के, यातली मोठी ती. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये फोरचॅन या ऑनलाइन मंचाला २०,००० पौंडांचा दंड झाला तो ऑफकॉमच्या माहितीच्या मागणीला उत्तर न दिल्याबद्दल. ऑफकॉमचं पत्र आलं तर ते कुणाच्या हातात पडणार, हे मात्र ठरवून ठेवा.

आडवाट

व्हॉट्सॲपचं म्हणणं मागे घेतो. मी फक्त फर्मच्या बाजूने विचार केला होता.

एक शंका: हे सगळं करायचं म्हणजे खोलीतलं बोलणं यंत्राने चाळायला लागेल का? वकील आणि अशील यांच्यातली गोपनीयता मग राहिली कुठे?

पानोपानी

@आडवाट, नाही. खाजगी संवाद आपोआप चाळणारं तंत्रज्ञान लावा अशी शिफारस ऑफकॉम आपल्या संहितेत करू शकत नाही, कायद्यानेच हात बांधले आहेत. ५८ घरांची बंद खोली खाजगी की सार्वजनिक यावर वाद घालता येईल, पण तुमच्या आकाराच्या सेवेला माणसांची देखरेख पुरते.

गोपनीयतेबद्दल खरी काळजी वेगळीच आहे. खटल्याची रणनीती त्या खोलीत लिहू नका, वकिलांनीही नाही. ती जागा दावेदारांनी एकमेकांशी बोलायची. सल्ला द्यायचा तर पोर्टलमधून, ज्याचा त्याला.

सायंतारा

दहा दिवसांनी लिहिते आहे.

बॅकअपमध्ये नोंद सापडली. ती आता वेगळ्या फोल्डरमध्ये आहे, तिघांनाच उघडता येते. त्या सोमवारी काय घडलं, मी किती वाजता काय केलं, पोलिसांना दोन दिवस उशिरा का कळवलं, हे दोन पानांत लिहून सही केली. वर तारीख आजची. अनुपालन पाहणाऱ्या पार्टनरांनी मागच्या तारखेची सूचना ऐकताच मीटिंग थांबवली आणि त्यावर पुन्हा चर्चा नाही असं सांगितलं. एसआरएचा निर्णय त्यांनी लेखी केला.

मूल्यांकन मी आणि एक कनिष्ठ वकील मिळून केलं, साडेतीन दिवस लागले. १७ पैकी १३ लवकर आटोपले. द्वेषाच्या रकान्यासाठी जुन्या सगळ्या नोंदी पुन्हा वाचल्या. तुम्ही म्हणालात तसंच होतं, चार ठिकाणी. तेव्हा मी त्या रोज वाचत होते आणि मला त्या दिसल्या नव्हत्या. मला फक्त लिहिणाऱ्याचं दुःख दिसत होतं. धमक्या मध्यम, द्वेष मध्यम. म्हणजे वाढीव अपेक्षा लागू, आणि त्याची तयारी सुरू केली आहे.

अटी एका पानात बसवल्या. शनिवार-रविवारची पाळी चौघांत वाटली. खोलीत मी स्वतः लिहिलं की आता प्रत्येक नोंदीखाली तक्रारीचं बटण असेल, आणि रात्री दहानंतरचं लेखन सकाळी आठला दिसेल. तीनजणांनी नाराजी कळवली. एका बाईंनी लिहिलं की त्या परिचारिकेचं नाव वाचून त्यांना दोन रात्री झोप लागली नव्हती, पण सांगायचं कुणाला ते कळलं नव्हतं.

मुलीच्या आईशी बोलले. त्यांना माहीत होतं, त्यांनीच लॉगिन दिलं होतं. आता ती आजीबद्दल लिहिते ते आई वाचते आणि आईच्या नावाने टाकते, खाली ‘मुलीकडून’ असं लिहून. हे कायद्यात नीट बसतं ना, @पानोपानी? मूल्यांकनात तसं नोंदवलं आहे.

पानोपानी

बसतं. लॉगिन आईचं, वापर आईचा. फक्त मुलीचं नाव आणि शाळा त्यात येऊ देऊ नका.